शपथपत्रात नसलेला प्रश्न

आदरणीय बाई,

मी एका तालुक्याच्या गावातून नगरपंचायतीची निवडणूक लढवत आहे. माझा प्रभाग महिलांसाठी राखीव नाही, सर्वसाधारण आहे. सोळा वर्षे मी पतसंस्थेत लेखापाल होते. सहा वर्षांपूर्वी माझा घटस्फोट झाला, मुलगा दहावीत आहे आणि आम्ही दोघे माझ्या आईकडे राहतो. मागील रविवारी गावच्या वाचनालयाने सर्व उमेदवारांची एकत्र सभा ठेवली होती. मी पाणीपट्टीवर बोलायला उभी राहिले, तेव्हा विरोधी उमेदवार जागेवरूनच म्हणाले, “ताईंना स्वतःचं घर धरून ठेवता आलं नाही, त्या गावाचं घर काय धरणार?” सभागृह हसले. त्याच रात्री प्रचाराहून परतताना दोन कार्यकर्त्यांसोबत गाडीतून उतरतानाचा माझा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला. खाली ‘रात्रीचा प्रचार’ एवढेच दोन शब्द. मुलाने तो पाहिला. त्याने मला काही विचारले नाही. मी खोलीत गेले तेव्हा मोबाईल फक्त पालथा ठेवला.

येत्या रविवारी दुसरी सभा आहे. आई म्हणते, चिखलात दगड टाकू नये, शिंतोडे आपल्याच अंगावर उडतात. कार्यकर्त्यांचे म्हणणे असे की, त्यांच्या मुलीने पळून जाऊन लग्न केले आहे ते काढायचे आणि आपल्या महिला आघाडीने भर सभेत त्यांना बांगड्यांचा आहेर करायचा. मलाही वाटते की जशास तसे असावे. मागच्या खेपेला पाच वर्षे बायकोच्या पदराआड लपून कारभार केलेला माणूस मला घर शिकवतो? मी काय करावे?

ता. क. : फ्लेक्स छापणारा विचारतो, नावाआधी सौ. लावू की श्रीमती? तेही सांगावे.

(नाव आणि गाव छापू नये.)

*

रविवारी बोलायचे की गप्प राहायचे, हा तुमचा मूळ प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सरळ आहे : बोलायचे, पण एकदाच आणि अर्ध्या मिनिटात. तुमच्या आईचे म्हणणे मी उडवून लावणार नाही, कारण त्या पिढीतील बायकांनी असे शिंतोडे प्रत्यक्ष अंगावर घेतलेले असतात आणि त्यांची म्हण ऐकीव नसते. मात्र ज्या सभागृहाने तुमच्यादेखत हसून घेतले, त्याच सभागृहात आठ दिवसांनी तुम्ही काहीच न घडल्यासारख्या पाणीपट्टीवर बोलू लागलात, तर ऐकणाऱ्यांचे अर्धे लक्ष पाणीपट्टीकडे राहणार नाही. ते तुमच्या चेहऱ्यात मागील रविवार शोधत बसतील. तो विषय तुम्ही स्वतः उघडून स्वतःच मिटवला, तर पुढचा वेळ तुमचा होईल.

काय बोलावे हे ठरवण्यासाठी तुमच्याजवळ एक चांगले माप आधीच आहे. उमेदवारी अर्जासोबत तुम्ही शपथपत्र भरून दिले आहे. त्यात तुमच्यावरील गुन्हे विचारले होते, मालमत्ता आणि कर्जे विचारली होती, शिक्षण विचारले होते. अपत्ये किती हेही आपल्याकडे सांगावे लागते, कारण दोनपेक्षा अधिक अपत्ये नसावीत ही अट स्थानिक निवडणुकांना लागू आहे. कायदा उंबरठ्याच्या आत डोकावतो तो साधारण एवढाच, आणि ही अट नवऱ्यालाही आहे आणि बायकोलाही. ‘घर धरून ठेवले का’ असा रकाना त्या कागदात कोठेही नाही. मतदाराला उमेदवाराच्या खासगी आयुष्यातील काय कळले पाहिजे, याचा विचार करून तो कागद केलेला आहे, आणि त्याच्या पलीकडचे जे कोणी सभेत काढतो, त्याला बहुधा कागदातल्या गोष्टींवर बोलायचे नसते. तेव्हा माझ्या मते तुमचे शब्द साधारण असे असावेत :

“मागील सभेत माझ्या घराचा विषय निघाला. माझा घटस्फोट सहा वर्षांपूर्वी न्यायालयात झाला आहे. तो लपवण्याची गोष्ट नाही आणि या सभेचा विषयही नाही. मी भरलेले शपथपत्र आणि समोरच्या उमेदवारांनी भरलेले शपथपत्र, दोन्ही कोणालाही पाहता येतात. त्यांतील कोणताही प्रश्न मला विचारा. आता पाणीपट्टी.”

यात एकही विशेषण नाही, हे मुद्दाम केले आहे. ‘खालच्या पातळीची टीका’, ‘स्त्रीत्वाचा अपमान’, ‘हीन मनोवृत्ती’ हे शब्द खोटे आहेत असे नाही, पण प्रचारात ते इतके फिरले आहेत की त्यांचा घाव कोणाला बसत नाही आणि ते उच्चारताना आवाज मात्र कापतो. आवाज कापला की गावात दोन दिवस त्याचीच चर्चा होते.

मी स्वतः पाच वर्षे एका नगरपालिकेत सदस्य होते, त्यामुळे हे पुस्तकातून आलेले नाही. पहिल्याच वर्षी एका सर्वसाधारण सभेत मी जलवाहिनीच्या निविदेतील वाढीव रकमेबद्दल विचारले, तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीवरून उत्तर आले, “वहिनी, चहा गार होतोय, आधी चहा घ्या.” बाजूचे सदस्य हसले, शिपायाने खरोखरच कप पुढे सरकवला. मला त्या क्षणी कसलेही चमकदार उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर मात्र डझनभर सुचली. त्या क्षणी सुचले ते इतकेच की विषयपत्रिका उचलून विषयाचा क्रमांक मोठ्याने वाचावा, तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारावा आणि म्हणावे, “माझा प्रश्न आणि अध्यक्ष महोदयांचे उत्तर, दोन्ही इतिवृत्तात शब्दशः घ्यावे.” लिपिकाने पेन थांबवून अध्यक्षांकडे पाहिले. चहाचे वाक्य इतिवृत्तात जाणे कोणाला परवडणारे नव्हते, म्हणून निविदेवर बोलणे भाग पडले. रक्कम त्या सभेत कमी झाली नाही, हेही सांगते. पण त्यानंतर मला सभागृहात वहिनी कोणी म्हटले नाही.

‘ताई’ आणि ‘वहिनी’ हे आपल्याकडचे मायेचे शब्द आहेत आणि प्रचारात दारोदार फिरताना तुम्हीही ते वापरत असाल. सभेत एका बाजूला ‘डॉक्टरसाहेब’, ‘वकीलसाहेब’, ‘पाटीलसाहेब’ बसलेले असतात आणि दुसऱ्या बाजूला एकटी ‘ताई’, तेव्हा त्याच शब्दाने तुमची सोळा वर्षांची हिशेबनिशी पुसली जाते. तुम्ही त्यांना आडनावाने आणि ‘श्री.’ लावून संबोधा, ‘दादा’ म्हणू नका; संयोजकांना सांगून तुमच्यापुढील पाटीवर तुमचे नाव आणि आडनाव लिहून घ्या. ‘बायकांना राखीव जागा आहेत ना, मग इथे कशाला आलात’ हेही एव्हाना तुमच्या कानावर आले असेल. त्यावर भांडत बसू नका, एक वाक्य पुरे. 1 जून 1993 पासून लागू असलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीने शहरी स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी एक तृतीयांशापेक्षा कमी नाहीत इतक्या जागा ठेवायला सांगितल्या, महाराष्ट्राने 2011 मध्ये ते प्रमाण एकूण जागांच्या निम्म्यावर नेले, आणि सर्वसाधारण जागा म्हणजे पुरुषांची जागा असे यात कोठेही म्हटलेले नाही. आरक्षण फिरते असल्यामुळे चांगले काम केलेल्या कितीतरी नगरसेविका पाच वर्षांनी घरी बसतात, कारण पुढच्या खेपेला सर्वसाधारण जागेचे तिकीट त्यांना कोणी देत नाही. तुम्ही ते मिळवले आहे.

आता तुमच्या पत्रातील त्या भागाकडे वळते, जिथे माझी पेन्सिल थांबली. ‘बायकोच्या पदराआड लपून’ हे शब्द तुमचे आहेत. त्यांनी सभेत तुमचे घर काढले, तुम्ही पत्रात त्यांच्या बायकोचा पदर काढला. त्यात एक खरी आणि गंभीर तक्रार आहे : निवडून आली ती बाई, कारभार केला तो नवरा. ही सार्वजनिक बाब आहे आणि ती विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. फक्त ती विचारताना बोट त्या बाईकडे जाऊ नये. तिला बहुधा उमेदवारी अर्जावर सही करण्यापुरतेच बोलावले गेले असेल, आणि तुम्ही सभेत ‘पदर’ म्हणालात की सगळे सभागृह त्याच्याकडे नव्हे तर तिच्याकडे पाहून हसेल. प्रश्न असा विचारा : “मागील पाच वर्षांत आपण सदस्य नव्हता. तरी प्रभागातील कामांच्या पाहणीला आणि ठेकेदारांच्या बैठकांना आपण कोणत्या अधिकाराने उपस्थित होता?” माहितीच्या अधिकारात अर्ज केलात तर उत्तराला तीस दिवसांची मुदत असते आणि तोवर मतमोजणीही होऊन जाईल, पण भूमिपूजनांच्या जुन्या बातम्या, त्यांतील छायाचित्रे आणि कामांच्या कोनशिला यांना अर्ज लागत नाही. कोनशिलेवर सदस्य म्हणून कोणाचे नाव आहे आणि कुदळ हातात घेऊन कोण उभे आहे, हे दाखवले की तुमचा मुद्दा पुरा होतो.

त्यांच्या मुलीचे लग्न मात्र कोणत्याही परिस्थितीत नको. ती उमेदवार नाही, तिने कोठे भाषण केलेले नाही, आणि तिचे लग्न हा शपथपत्रात नसलेलाच प्रश्न आहे. जे माप तुम्ही रविवारी सगळ्यांना दाखवणार आहात, ते तुमच्याच कार्यकर्त्यांनी सोमवारी मोडले, तर तुमच्या अर्ध्या मिनिटाला काही किंमत उरत नाही. हे त्यांना जाता-जाता सांगून भागणार नाही. प्रचार कार्यालयात सगळ्यांना बसवून सांगा, आणि जो हा विषय काढेल त्याच्याकडची मतदार यादी काढून घ्या. कार्यकर्त्याला यादी हातातून गेल्याशिवाय उमेदवार गंभीर आहे हे पटत नाही.

बांगड्यांचे थोडे सविस्तर लिहिते, कारण हा आहेर आपल्याकडे सगळ्याच पक्षांच्या महिला आघाड्या हौसेने करतात. काम न करणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर हिरव्या बांगड्या ठेवायच्या, घोषणा द्यायच्या, छायाचित्र काढायचे. त्या छायाचित्रात बांगड्या देणारे हातही बांगड्यांनीच भरलेले असतात. तिथे नेमके काय म्हटले जाते? तू नालायक आहेस, म्हणजे तू बाई आहेस. तुमचे विरोधक तुमच्याबद्दल जे म्हणाले, त्याच्या मुळाशीही हेच आहे. त्यांनी ते घराच्या भाषेत सांगितले, तुमच्या आघाडीला ते काकणांच्या भाषेत सांगायचे आहे. पाठीमागे बांगड्यांचे तबक घेऊन चार जणी उभ्या आहेत आणि पुढे तुम्ही सर्वसाधारण जागेवर बाईला मत द्या म्हणून हात जोडता आहात, हे दृश्य एकदा डोळ्यांपुढे आणा. घरगुती वस्तूच न्यायची असेल, तर आपल्या पूर्वसूरींनी ती वेगळ्या रीतीने नेली होती. 1972 मध्ये महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांतील बायका एकत्र आल्या आणि मुंबईच्या रस्त्यावर लाटणी घेऊन उतरल्या. ते लाटणे कोणाला बाई ठरवून हिणवण्यासाठी नव्हते. तेल, साखर, धान्य यांच्या भावाचा जाब ज्यांना रोज स्वयंपाकघरात द्यावा लागतो, त्या तो जाब सरकारला विचारायला आल्या आहेत, असा त्याचा अर्थ होता. मृणालताईंना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत. त्या नावातही ‘बाई’ होतेच, पण ते त्यांच्या कामावरून पडले होते.

तुम्ही म्हणाल, गावपातळीवर हे ठीक आहे, वर कोण पाळते? खरे आहे. सुप्रिया सुळे यांना मे 2022 मध्ये भाजपचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील यांनी घरी जाऊन स्वयंपाक करण्याचा सल्ला दिला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शिंदे गटाचे मंत्री अब्दुल सत्तार यांनी सुळे यांच्याबद्दल शिवराळ शब्द वापरला. आणि 2024 च्या विधानसभा निवडणुकीत ठाकरे गटाचे खासदार अरविंद सावंत यांनी मुंबादेवीच्या उमेदवार शायना एन. सी. यांच्या संदर्भात ‘माल’ हा शब्द उच्चारला. तिघांनीही पुढे दिलगिरी व्यक्त केली. पक्ष तीन आणि तऱ्हा एक, म्हणून ही उदाहरणे मुद्दाम एका ओळीत ठेवली आहेत. आपल्या पक्षाच्या माणसाने म्हटले की ‘विपर्यास’ आणि दुसऱ्याच्या माणसाने म्हटले की ‘विकृती’, अशी आपल्याकडे पद्धत पडली आहे. तुमच्या पक्षाचे नाव तुम्ही कळवलेले नाही आणि मला ते जाणूनही घ्यायचे नाही. मात्र प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात बाहेरून एखादे वक्ते तुमच्या सभेला येतील आणि विरोधकांच्या घरातील बायकांवर विनोद करतील, तेव्हा तुम्ही व्यासपीठावर बसलेल्या असाल. त्या वेळी हसू नका, आणि आभार मानताना ते विधान आपले नाही असे एका वाक्यात सांगा. हे रविवारच्या अर्ध्या मिनिटापेक्षा पुष्कळ कठीण आहे, याची मला कल्पना आहे.

तक्रारीचे म्हणाल तर ती अवश्य करा. उमेदवारांवरील टीका त्यांची धोरणे, कार्यक्रम आणि आजवरचे काम यांपुरती असावी, सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर बोलू नये, हे आदर्श आचारसंहितेच्या आरंभीच सांगितलेले आहे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत अशाच स्वरूपाच्या विधानांसाठी निवडणूक आयोगाने काँग्रेसचे रणदीप सुरजेवाला यांना 48 तास आणि भाजपचे अभिजित गंगोपाध्याय यांना 24 तास प्रचारापासून दूर ठेवले होते. तुमच्या निवडणुकीत तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे द्यायची. सभेची तारीख, वेळ, उच्चारलेले नेमके शब्द आणि ध्वनिचित्रफीत सोबत जोडायची आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचे नाही. लगेच काही घडेल अशी आशा ठेवू नका. पोच घेतलेला कागद पुढच्या वेळी उपयोगी पडतो. फोटोचा प्रकार मला सभेतील वाक्यापेक्षा अधिक वाईट वाटतो, कारण त्या दोन शब्दांमागे कोणी उभे राहिलेले नाही. ज्यांना तो संदेश आला, त्यांपैकी एकदोन विश्वासू माणसांना तो पुसू नका असे सांगा, पाठवणाऱ्याच्या क्रमांकासह पडद्याची प्रत घ्या. शब्दांनी किंवा कृतीने स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या हेतूसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 मध्ये तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड आहे. पोलिसांत जायचे की नाही हे वकिलाशी बोलून तुम्ही ठरवा; पुरावा मात्र आजच जपून ठेवा.

वाचनालयाच्या कार्यकारिणीलाही एक पत्र द्या, तक्रारीच्या सुरात नव्हे तर सूचनेच्या. प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्यावेत, प्रत्येक प्रश्न सर्व उमेदवारांना विचारावा, जागेवरून बोलणाऱ्याला सूत्रसंचालकाने त्याच क्षणी थांबवावे आणि त्याचा तेवढा वेळ कापावा. ‘निवडून आल्यावर मुलाचा अभ्यास कोण घेणार’ असे एखाद्या चिठ्ठीत आलेच, तर ते सर्व पुरुष उमेदवारांनाही विचारावे. त्यांची उत्तरे ऐकायला मलाही आवडेल. मागील सभेत सूत्रसंचालक काय करत होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. बहुधा तेही हसले असावेत.

घर या शब्दावरून आणखी एक आठवण झाली, ती तुमच्या कामाची आहे. जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या महिला सरपंच 2021 मध्ये निवडून आल्या, आणि त्या सासूसोबत सरकारी जमिनीवरील घरात राहतात अशा तक्रारीवरून त्यांना अपात्र ठरवले गेले. आपण नवरा आणि मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, हे त्या सांगत राहिल्या. जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि उच्च न्यायालय, कोठेही त्यांना दाद मिळाली नाही. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिले आणि गावातील लोकांना बाई सरपंच झाल्याचे पचले नाही, असे स्पष्टपणे नोंदवले. त्या कोठे राहतात, यावर पार दिल्लीपर्यंत भांडण गेले. तुमच्यावर घरावरूनच वार झाला, यात मला म्हणूनच काही नवल वाटले नाही.

सभेच्या आधी एक बोलणे मात्र घरात व्हायला हवे. मुलाने मोबाईल पालथा ठेवला तो तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून. आता तुम्ही तो उलटून ठेवा. गाडी कोणाची होती, सोबत कोण दोघे होते, त्या रात्री कोणत्या गल्लीत गेला होता, हे त्याला सरळ सांगा आणि रविवारी काय बोलणार आहात ते आधी त्याला वाचून दाखवा. दहावीतल्या मुलाला शब्दांचे वजन चांगले कळते. एखादा शब्द तो बदलूही सुचवेल. आणि रात्रीचा प्रचार थांबवू नका. कामावर जाणारे मतदार आठनंतरच घरी भेटतात, म्हणून तर सगळे उमेदवार त्याच वेळी फिरतात. आईला काळजी वाटत असेल तर एखाद्या संध्याकाळी त्यांनाच सोबत घ्या; प्रभागातील निम्म्या घरांत त्या तुमच्यापेक्षा अधिक ओळखीच्या असतील.

राहिला फ्लेक्स. सौ. नको आणि श्रीमतीही नको. नाव, आडनाव आणि खाली ‘लेखापाल, सोळा वर्षे’ एवढे छापा. छापणारा म्हणेल की ताई, असे मोकळे नाव बरे दिसत नाही, बायकांच्या नावाआधी काहीतरी असतेच. त्याला त्याच्याच दुकानात वाळत टाकलेला तुमच्या विरोधकांचा फ्लेक्स दाखवा आणि विचारा, यांचे लग्न झाले आहे की नाही, ते यावर कोठे छापले आहे?